इंदूकाकूंची दुपारची पॅसेंजर

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी शेषराव काका हात धुवायचे. पंच्याला हात पुसत खोलीत यायचे, स्टूल बाजूला सरकवायचे, इंदूकाकूंनी जुन्या साडीतून शिवलेलं झाकण काढून त्याची चौकोनी घडी घालायचे आणि भिंतीवरच्या बटणापासून तपासणीला लागायचे. बटण, पिन, यूपीएस, मागच्या वायरी, माऊसची वायर. प्रत्येक वस्तूवर बोट टेकवायचं आणि तोंडाने तिचं नाव घ्यायचं. शेवटी ‘लाइन क्लिअर’ म्हणायचं आणि मगच सीपीयूचं बटण दाबायचं. गॅसवर भाजी ठेवून आलेली मी दारात उभी राहून हे पाहत असायची आणि मनातल्या मनात चरफडत असायची.

“काका, नुसतं बटण दाबा ना.”

“पोरी, नुसतं बटन दाबल्यानंच अपघात होतात.”

सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. नांदुरा, जलंब, शेवटी मलकापूर. लिव्हर ओढून ओढून मनगटं अशी झाली होती, की त्यांच्या हातात माऊस म्हणजे धरून आणलेल्या उंदरासारखाच दिसायचा. पुढच्या स्टेशनकडून घंटीचे ठोके येऊन ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि ठोके आले नाहीत तर बसून राहायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. बाजारात भाजीवाल्याने पुढे या म्हटल्याशिवाय ते पाटीजवळ जात नसत. मी नाशिकहून लग्न होऊन इथे आलेली, स्वभावाने तापट आणि कामाला घाई असलेली बाई. आमच्या दोन घरांना भिंत एक आणि गच्ची एक. कॉलेजच्या ग्रंथालयात मी कॉम्प्युटरवर काम करते, एवढ्यावरून त्यांनी मला त्या विषयातली जाणकार ठरवून टाकलं होतं. मी तशी अजिबात नाही, पण त्यांच्यापुढे ते कबूल करायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही.

तो कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीनंतर घेतला होता. घेण्याचं कारण वाळवी. कपाटातल्या अल्बमना वाळवी लागली, निम्मेअधिक फोटो गेले, तेव्हा उरलेले काकांनी घाईने स्कॅन करून आत घालून घेतले. मूळ फोटो पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकले नाहीत. मग त्यांनी एक मोठं काम काढलं. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव आणि गाव टाइप करायचं. त्यांच्याकडची माणसं थोडी, ती त्यांना माहीत. पण फोटो बहुतेक काकूंच्या माहेरचे, जानेफळचे, आणि त्यातलं काकांना कोणीही ओळखू येत नव्हतं. ड्यूटीमुळे सासुरवाडीत त्यांचा मुक्काम असा कधी झालाच नाही. लग्नात पाहिली तेवढीच माणसं. तेव्हा काकू शेजारी बसून नावं सांगायच्या आणि काका एका बोटाने ती उतरवायचे. हे काम त्यांना वर्षभर पुरलं. मला वाटतं, त्या दोघांनी एकत्र बसून केलेलं ते पहिलंच काम असावं.

त्यानंतर काकूंना विसर पडायला लागला. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही, मग सुरतेला दिलेल्या मुलीचं नाव जिभेवर येऊन परत जायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे थांबणार नाही, फार तर हळू होईल. बाकी सगळं सोडून काकांनी तो ‘हळू’ तेवढा उचलला. हळू चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा जन्मभराचा विश्वास होता.

रोज दुपारी भांडी आवरली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचे, “चाल इंदू, तुही पॅसेंजर लागली.”

काकू केस विंचरायच्या, पदर नीट घ्यायच्या आणि येऊन खुर्चीत बसायच्या. पडद्यावर एकेक फोटो येई, थोडा थांबे आणि पुढचा येई. दर माणसाला थांबा, म्हणून पॅसेंजर. त्या फाइलला काकांनी नावच दिलं होतं, ‘इंदूची पॅसेंजर’. काकू चेहऱ्याकडे आधी परक्यासारख्या बघायच्या. मग खालची अक्षरं वाचायच्या. वाचता त्यांना शेवटपर्यंत येत होतं. “द्वारकामावशी, जानेफळ,” असं मोठ्याने म्हणायच्या आणि मग आत कुठेतरी कडी निघायची.

“हिच्या घरामागच्या वाडग्यात चिंचेचं झाड होतं. मी चढली तं इनं मले फोकानं झोडपलं. अन् मंग चिंचेचा गोळा बी दिला.”

“अस्सं?” काका म्हणायचे. हे त्यांनी रोज ऐकलेलं असायचं.

त्या तासाभरानंतर काकू संध्याकाळपर्यंत बऱ्या असायच्या. चहा करायच्या, काकांना ‘आवं’ म्हणून हाक मारायच्या. ज्या दिवशी पॅसेंजर चुकायची त्या दिवशी दिवेलागणीला काकांनाच विचारायच्या, “तुमी घरी कवा जाता?” मुलीने सुरतेहून एक टॅब पाठवला होता. तो काकूंनी हातात धरून पाहिला आणि परत दिला. “एवढ्याशात मानसं कोंडली काऊन?” असं विचारलं. त्या टॅबवर मग दुधाची पातेली ठेवायला लागले.

कॉम्प्युटर जुना होत गेला तशी दुपारच्या पॅसेंजरसाठी तो सकाळीच सुरू करून ठेवायची कटकट वाढली. कधी सुरू व्हायचा, कधी नुसता आतून टूंऽ टूंऽ आवाज द्यायचा. त्या आवाजाने माझा जीव वरखाली व्हायचा, काकांना मात्र तो ओळखीचा वाटायचा. पलीकडच्या केबिनमधून कोणी ठोके देतंय असं मान वाकडी करून ऐकायचे. “एक लांब, दोन आखूड. रॅम म्हंते, मले साफ करा.” मग सीपीयू आडवा करून, रॅमची पट्टी काढून शाळेच्या खोडरबराने घासायचे. दहातल्या सहा वेळा मशीन चालू व्हायचं, चार वेळा नाही. झालं तर ठोके बरोबर ऐकले म्हणायचे, नाही झालं तर आपलेच कान गेले म्हणायचे. त्यांच्या बाकीच्या समजुती मात्र धन्य होत्या. खोलीतला पंखा चालू असला तर कॉम्प्युटरला करंट कमी पडतो, म्हणून काकूंना ऐन उन्हाळ्यात पुठ्ठ्याने वारा घालायचे. दसऱ्याला सीपीयूची पूजा अशी मनापासून केली, की हळदकुंकू पुढच्या जाळीतून आत गेलं आणि पुढे कित्येक महिने रफिकभाईंनी डबा उघडला की आतला पंखा गुलाबी निघायचा.

रफिकभाई म्हणजे बसस्टँडजवळचे दुरुस्तीवाले. प्रेमळ माणूस, पण सगळ्या रोगांवर त्यांच्याकडे एकच औषध.

“चाचा, फॉरमॅट मारू या. एकदम नवा होऊन जाईन.”

“फॉरमॅट म्हंजे सारं पुसायचं नं?”

“हाव.”

“मंग चहा घे अन् जाय.”

दर वेळी हेच संभाषण, आणि दर वेळी रफिकभाई चहा घेऊन जायचे. मी एकदा म्हटलं, त्यांचं ऐका की थोडं. काका म्हणाले, “पोरी, तिकडे तिच्या डोक्यातलं पुसून राह्यलं अन् इकडे मी बी पुसू? मंग जानेफळ उरते कुठी?”

काकूंचे भाऊ गेले होते, भाच्याने घर विकून पुणं गाठलं होतं. जुन्या बायकांची नावं सांगणारं कोणी राहिलं नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात पडद्याच्या कोपऱ्यात सूचना यायला लागली, की ही सिस्टिम जुनी झाली, नवी तयार आहे, घाला. रफिकभाई म्हणाले, मशीनची ताकद नाही, नका करू. मीही तेच म्हटलं. पण काकांच्या दृष्टीने लेखी सूचना म्हणजे वरून आलेला हुकूम. शिवाय सकाळी सुरू न होण्याचे दिवस वाढले होते आणि दुपारी केस विंचरून काळ्या काचेसमोर बसलेल्या काकू त्यांना पाहवत नव्हत्या. नवी सिस्टिम घातली की गाडी वेळेवर सुटेल, असं त्यांनी धरून ठेवलं. रफिकभाईंनी बजावलं, मग निदान आधी पेन ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवा. ती काकांनी केली. आपल्या हाताने केली आणि पेन ड्राइव्ह देवघरात कुंकवाच्या करंड्यात ठेवला. मला अभिमानाने सांगून गेले, “नाव बी तेच आलं, चित्र बी तेच आलं. पॅसेंजर देवाजवळ हाये.”

त्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते तेव्हा त्यांनी मला बोलावलं. निळ्या पडद्यावर टक्के सरकत होते आणि खाली इंग्रजीत दोन ओळी.

“वाच, पोरी.”

“काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.”

“बंद करू नका,” त्यांनी हुकूम परत म्हणून दाखवला आणि स्टूल ओढून बसले. शेजारी डबा आणि पाण्याचा तांब्या. ड्यूटीवर बसल्यासारखा माणूस.

दुपारचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. टक्के नव्वदच्या पुढे गेले होते. एकाएकी आभाळ काळं झालं आणि अवकाळी विजा कडाडायला लागल्या. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या, आणि मी कॉलेजात. काका वर पळाले. चादरीची चार टोकं धरून सगळ्या कुरडया गोळा केल्या, एकही मोडू दिली नाही.

खाली काकू एकट्या होत्या. विजा चमकायला लागल्या की घरातल्या सगळ्या पिना काढायच्या, हे त्यांनी या घरात आल्यापासून केलं होतं. कोणे एके काळी वीज कोसळून त्यांचा टीव्ही जळला होता, तेव्हापासून तर काका चारचौघांत सांगायचे की इंदू घरात असली म्हणजे मला विजेची काळजी नाही. मुलीचं नाव गेलं, मिठाचा अंदाज गेला, पण हे राहिलं होतं. काका खाली आले तेव्हा पंखा बंद, फ्रिज बंद, पडदा काळा, यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेलेली. आणि काकू मधोमध उभ्या, दोन्ही हातांत वायरी धरून, कित्येक महिन्यांत दिसल्या नव्हत्या एवढ्या खूश.

“साऱ्या पिना काढल्या म्या. वीज पडली असती नं.”

“बेस केलं, इंदू,” काका म्हणाले.

हे मला सांगताना ते आमच्या मधल्या भिंतीपाशी उभे होते, हातात माझ्या कुरडयांची चादर तशीच. शेवटी फक्त एवढं म्हणाले, “तिले सांगजो नको.” कुरडया आम्ही वर्षभर तळून खाल्ल्या. मला त्या कधी गोड लागल्या नाहीत.

पिना परत लावल्या तेव्हा मशीन चालू झालं खरं, पण पुढे सरकेना. चिन्ह यायचं, खाली ठिपके गोल फिरायचे, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात कधीतरी तीच ओळ झळकून जायची, बंद करू नका. मी म्हटलं, काका, आता बंद करा आणि रफिकभाईंना बोलवा. ते म्हणाले, “सूचना हटली नाही अजून.”

“अहो, ती मशीनला कळत नाहीये म्हणून येतेय.”

“हटन तवा पाहू. सिग्नलवर उभी असलेली गाडी ढकलत नसतात.”

मी रागावले, वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बंद केलं नाही. मे महिन्यातल्या मलकापुरात ते मशीन दिवसरात्र तसंच गोल फिरत राहिलं. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यांनी स्वतःकडून काढून सीपीयूकडे वळवला आणि स्वतः घामाने निथळत बसले. एक माणूस आज्ञाधारकपणे आपल्या हाताने आपलंच नुकसान करतोय हे दिसत होतं आणि त्याला कोणी उठवू शकत नव्हतं. दुपारी काकू केस विंचरून येऊन बसायच्या. काका सांगायचे, लेट हाये. काकू उठून जायच्या. मग संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा प्रश्न ऐकू यायचा, तुमी घरी कवा जाता.

एके दिवशी काकांनी मला हाक मारली. मशीनच्या आतून आवाज येत होता. टक्. टक्. टक्. काका मान वाकडी करून ऐकत होते.

“हे ठोके मले माहीत नाहीत,” ते म्हणाले.

रफिकभाई आले, डब्याला कान लावला आणि कोणाला न विचारता बटण बंद केलं. “चाचा, हार्ड डिस्क गेली. आधीच म्हातारी, त्यात तापून तापून...” त्या दिवशी ते चहा न घेता गेले. मुलीने ती डिस्क सुरतेला मागवून घेतली, तिथून कोणाकडे तरी मुंबईला पाठवली. बरेच दिवसांनी ती तशीच परत आली. आत काही उरलेलं नाही, असं कळवलं होतं.

तोवर काका तसे शांत होते. पॅसेंजर देवाजवळ होती ना. एक गाडी लाइनवर असताना दुसरी सोडायची नाही, म्हणून डिस्कचा निकाल लागेपर्यंत त्यांनी करंड्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. डिस्क परत आली त्या दुपारी ते करंड्यातला पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले, त्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसत. मागे काकू, केस विंचरलेल्या. मी दोघांसाठी खुर्च्या मांडल्या, माझा लॅपटॉप उघडला, काकांनी ‘लाइन क्लिअर’ म्हटलं, मी पेन ड्राइव्ह लावला. त्यात एकच वस्तू होती. छोटं चित्र, त्याच्या कोपऱ्यात वाकडा बाण, खाली नाव, ‘इंदूची पॅसेंजर’.

मी दाबलं. फाइल सापडत नाही, असं आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

काय झालं ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी आणखी दोनचारदा दाबत राहिले, कारण त्यांच्याकडे वळून बघायची माझी हिंमत होत नव्हती. काकांनी पडद्यावरचं चित्र उचलून पेन ड्राइव्हमध्ये टाकलं होतं. ते चित्र म्हणजे फोटो नव्हेत. फोटो जिथे ठेवलेत तिकडे नेणारा तो नुसता रस्ता, आणि तो रस्ता मेलेल्या डिस्कमध्ये जात होता. मी हे जमेल तितक्या हळू सांगितलं.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे बोर्ड हाये, टेसन नाही.”

“हो, काका.”

“माह्या हातानंच कापी केली होती म्या.”

“हो.”

काकूंनी विचारलं, “लागली नाही का?”

“नाही,” काका म्हणाले. त्यांनी लेट आहे म्हटलं नाही. त्यांच्या तोंडून तो शब्द न आल्याचं मला फार लागलं.

त्यानंतर काकू भराभर गेल्या. म्हणजे देहाने होत्या, पण त्या ‘हळू’ला आता धरायला काही नव्हतं. ‘आवं’ ही हाक बंद झाली. मुलीने ठरवलं की दोघांना सुरतेला न्यायचं. घर आवरलं, भांडी बांधली, कॉम्प्युटर कोणीच नेणार नव्हतं. रफिकभाई म्हणाले, राहू द्या चाचा, जायच्या दिवशी मी उचलून नेईन.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. दार उघडंच होतं. खोलीत पोत्यांमध्ये जागा करून काकूंची खुर्ची मांडलेली. केस काकांनीच विंचरले असावेत, भांग जरा वाकडा होता. काकांचे हात ओले होते. टेबलावर झाकणाची चौकोनी घडी. बटण, पिन, यूपीएस, मागच्या वायरी, माऊसची वायर. ‘लाइन क्लिअर’ म्हणून त्यांनी बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला आणि काच काळीच राहिली. मागच्या दारातल्या उजेडाने त्या काचेत दोघं दिसत होती.

काकू बराच वेळ काचेत पाहत होत्या. मग त्यांनी बोट दाखवलं. “हा कोन व्हय?”

काकांनी काचेच्या खालच्या कडेला, जिथे अक्षरं यायची तिथे बोट टेकवलं आणि वाचल्यासारखं सावकाश म्हटलं, “शेषराव. केबिनमन. मलकापूर.”

“अन् हे बाई?”

बोट थोडं सरकलं. “इंदू. जानेफळ.”

मी वाट पाहत होते की काकू काहीतरी सांगतील, फोकाचं, चिंचेचं, काहीतरी. त्यांनी मान हलवली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पुढचं येऊ द्या.”

काका हात गुडघ्यांवर ठेवून स्टुलावर बसले आणि काचेकडे बघत राहिले.